पेवातली हळद आणि संगणकातला पत्रव्यवहार

सांगलीपासून जवळच, कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या संगमावर हरिपूर हे गाव वसलेले आहे. तेथील जमिनीत हळद साठवण्यासाठी पेवे खणलेली असत. पेवाचे तोंड अरुंद आणि पोट रुंद. माल आत उतरवला, तोंड बंद करून वर माती लोटली, की वरून पाहणाऱ्याला मोकळ्या जमिनीखेरीज काही दिसत नसे. पेठेतील दुकान पाडून नवे बांधले तरी पेवातल्या हळदीला त्याचा उपसर्ग पोहोचत नव्हता. मात्र पेव कोठे आहे आणि त्याचे तोंड कोणत्या बाजूस आहे, हे ठाऊक असलेला माणूस हवा. २००५ च्या महापुरात यांतील पुष्कळ पेवांत पाणी शिरले आणि साठवणीची ती पद्धत मागे पडत गेली. ‘माल दुकानात दिसत नाही, म्हणजे माल गेला असे नव्हे’ ही त्या काळच्या व्यापाऱ्याची समजूत मात्र आजही उपयोगी पडते. सांगलीतील एका हळद पेढीस २०२५ च्या दिवाळीत तिचा प्रत्यय आला. कुटुंबाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. प्रसंग असा आहे की तो कोणत्याही व्यापारी घरात उद्या घडू शकेल.

पाडव्याच्या दिवशी

पेढी तीन पिढ्यांची. कारभार सांभाळणारे आण्णा फेब्रुवारी २०२३ मध्ये निवर्तले. त्यांच्यामागे दोन चिरंजीव आणि पेढीवर पस्तीस वर्षे काढलेले दिवाणजी व्यवहार पाहतात. जमाखर्च संगणकावर आला त्यालाही आता बराच काळ लोटला. तरी पाडव्याला लाल कापडाच्या वहीचे पूजन होते आणि पहिल्या पानावर सौद्याची पहिली नोंद हातानेच केली जाते.

विंडोज १० या प्रणालीसाठी मिळणारे विनामूल्य संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. दिवाळीनंतर नव्या वर्षाचे काम नव्या प्रणालीवर सुरू व्हावे, या हेतूने १७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दिवशी, संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलास बोलावण्यात आले. त्याने काम सुरू करण्यापूर्वी रीतसर विचारले, “काय काय जपून ठेवायचे?” दिवाणजींनी सांगितले, “टॅलीचा डाटा आणि डेस्कटॉपवरचे सगळे.” तेवढे त्याने बाजूच्या डिस्कवर उतरवून घेतले, नवी प्रणाली बसवली, थंडरबर्ड हा पत्रव्यवहाराचा कार्यक्रम पुन्हा स्थापित केला, खात्याचा पासवर्ड टाकून नवी पत्रे येत असल्याची खात्री करून दिली आणि तो गेला. पुढील पाच दिवस नवी पत्रे येत राहिली. त्यामुळे काही हरवले आहे अशी शंकाही कोणास आली नाही.

२२ तारखेला वहीपूजन आटोपल्यावर थोरल्या चिरंजीवांनी दिवाणजींना एक जुने पत्र काढण्यास सांगितले. दिवाणजींनी थंडरबर्ड उघडले. आलेल्या पत्रांच्या यादीत १७ ऑक्टोबरच्या आधीचे एकही पत्र नव्हते. पाठवलेल्या पत्रांचा कप्पाही रिकामा होता. २००९ पासून आण्णांनी केलेला सोळा वर्षांचा पत्रव्यवहार दिसेनासा झाला होता.

अडकलेले पत्र

ज्या पत्राचा शोध चालला होता त्याची हकिकत अशी. नोव्हेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील एका मसाला कारखानदारास राजापुरी हळदीच्या दोन गाड्या गेल्या होत्या. बिलाची मुदत डिसेंबर २०२२ ची होती. त्यांपैकी ४,१२,००० रुपये त्या कारखानदाराच्या नावे येणे दिसत होते. आण्णांच्या आजारपणात आणि नंतरच्या घालमेलीत ही बाकी तशीच राहिली. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीच्या वसुलीसाठी दावा लावण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. ती डिसेंबर २०२५ मध्ये संपणार असल्याने वकिलांकरवी नोटीस देण्याची तयारी सुरू झाली होती.

तेवढ्यात त्या कारखानदाराचे पत्र आले. त्याचा आशय असा होता की, माल ओला लागल्याने आण्णांनी ई-मेलवर कटती मान्य केली होती. आपल्याकडील ते जुने खाते नोकर बदलल्यावर बंद झाले, त्यामुळे नक्की आकडा हाताशी नाही. आठवते त्याप्रमाणे ती दीड लाखाच्या आसपास असावी. ‘आण्णांचे कागद आपल्याकडे असतील. त्यांत जे निघेल ते मला मान्य आहे,’ असे त्यांनी शेवटी लिहिले होते.

अर्थात या व्यवहाराचा एकमेव पुरावा आता सांगलीच्या पेढीकडे होता आणि तोच दिसेनासा झाला होता. धाकट्या चिरंजीवांना क्षणभर वेगळा विचार सुचला. ते म्हणाले, “दादा, मेल तर गेलेच आहेत. तसे कळवले तर त्यात खोटे काही नाही. बाकी वहीप्रमाणे मागता येईल.”

थोरले म्हणाले, “शोधले आहेत का आपण? न शोधता ‘मिळाले नाहीत’ असे कसे लिहायचे?”

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वातींनी गृहस्थाच्या सत्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, हा व्यापाऱ्यांच्या सहज लक्षात येतो. त्याच यादीत न्यासापहार हाही आहे. ठेव ठेवणाऱ्यास रकमेचे विस्मरण झाले आणि त्याने कमी रक्कम मागितली, तर गप्प राहून तेवढीच देणे, असा त्याचा अर्थ केला जातो. समोरच्या माणसाच्या विस्मरणाचा लाभ उठवू नये, एवढे त्यात स्पष्ट आहे. ज्याचा कागद आपल्यापाशी आहे, त्याच्या बाबतीत कागद शोधण्याचे कष्ट घेणे हा त्याच व्रताचा भाग ठरतो. त्या दिवशी पेढीवर या सूत्राचा उच्चार झाला नाही, पण घराच्या वळणात ते मुरलेले असावे. शोध घ्यायचा असे ठरले आणि ते काम धाकट्या सूनबाईंकडे आले. त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर असून पेढीची जीएसटीची विवरणपत्रे भरतात.

दुकान वेगळे, कोठार वेगळे

सूनबाईंनी प्रथम सर्वांना संगणकापासून दूर केले. “आता यावर कोणी काही नवीन टाकू नका. जागा साफ करायचे बटणही दाबू नका,” एवढीच त्यांची सूचना होती आणि पुढील सर्व यश त्या सूचनेवर अवलंबून होते.

येथे मूळ गोष्ट समजून घेतली पाहिजे. पत्रव्यवहाराचा कार्यक्रम आणि पत्रे या दोन भिन्न वस्तू आहेत. कार्यक्रम हे दुकान आणि पत्रे हा कोठारातील माल. थंडरबर्ड काढून टाकले आणि पुन्हा बसवले तरी पत्रे पुसली जात नाहीत. ती वापरणाऱ्याच्या खासगी कप्प्यात, ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. हा कप्पा ‘ॲपडेटा’ या फोल्डरच्या पोटात असतो आणि विंडोज तो सहसा लपवून ठेवते. त्यामुळे वर्षानुवर्षे संगणक वापरणाऱ्यांसही तो ठाऊक नसतो. हरिपूरच्या पेवाप्रमाणे वरून नुसती जमीन दिसते. नव्याने बसवलेले थंडरबर्ड पुष्कळदा आपले नवे, रिकामे प्रोफाइल तयार करते आणि त्याकडेच पाहू लागते. जुने प्रोफाइल शेजारी शाबूत असले तरी पडद्यावर सारे रिकामे दिसते.

पत्रे सेवा पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवर का उरली नाहीत, असाही प्रश्न पडेल. याचे कारण पत्रे आणण्याच्या पद्धतीत आहे. आयमॅप पद्धतीत मूळ पत्रे सर्व्हरवर राहतात आणि संगणकावर त्यांची प्रत दिसते. तेथे खाते पुन्हा जोडले की पत्रे पुन्हा उतरतात. पॉप पद्धतीत पत्रे संगणकावर आणली जातात आणि मांडणीप्रमाणे लगेच किंवा ठरावीक दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाकली जातात. पेढीच्या नावाच्या खात्याला सर्व्हरवर जागा अगदी थोडी मिळालेली असल्याने २००९ मध्ये पॉप पद्धत निवडली गेली होती. अनेक जुन्या पेढ्यांत आजही हीच स्थिती आहे. म्हणजे दुकानातला संगणक हीच त्या पत्रांची एकमेव जागा असते.

सुदैवाने दुरुस्ती करणाऱ्या मुलाने डिस्क संपूर्ण पुसली नव्हती. अशा वेळी विंडोज आपला जुना संसार ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये गुंडाळून ठेवते. परंतु हे फोल्डर कायम राहत नाही. प्रणाली बदलल्यावर साधारण १० दिवसांनी ते आपोआप पुसले जाते, आणि जागा मोकळी करण्याची आज्ञा दिल्यास त्याही आधी. १७ तारखेपासून मोजता २७ तारीख ही मर्यादा होती. पाडव्याला पाच दिवस सरले होते.

शोध आणि ताळमेळ

सूनबाईंनी केलेले काम क्रमाने पाहण्यासारखे आहे.

प्रथम त्यांनी लपलेली फोल्डरे दाखवण्याची खूण चालू केली. नंतर ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये ‘युजर्स’, त्यात जुन्या वापरकर्त्याचे नाव, त्यात ‘ॲपडेटा’, त्यात ‘रोमिंग’ आणि त्यात ‘थंडरबर्ड’ असे एकेक दार उघडत त्या गेल्या. शेवटी ‘प्रोफाइल्स’मध्ये अर्थहीन अक्षरांनी सुरू होणारे आणि ‘डिफॉल्ट’ या शब्दाने ओळखू येणारे फोल्डर सापडले. त्याच्या आतील ‘मेल’ या कप्प्यात ‘इनबॉक्स’ आणि ‘सेंट’ या नावांच्या, पुढे कोणतेही शेपूट नसलेल्या फाइली होत्या. इनबॉक्सचा आकार काही गिगाबाइटचा होता. तो पाहताच माल पेवात असल्याची खात्री पटली. थंडरबर्ड प्रत्येक कप्प्याची सर्व पत्रे सामान्यतः अशा एकाच लांबलचक फाइलीत एकापुढे एक लिहून ठेवते. शेजारी ‘एमएसएफ’ शेपटाची एक लहान फाइल असते. ती केवळ अनुक्रमणिका होय.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची होती. सापडलेल्या फोल्डरला तेथेच हात न लावता ते संपूर्ण ‘थंडरबर्ड’ फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले गेले आणि ती डिस्क कपाटात ठेवली गेली. त्यानंतर दुसरी प्रत काढून तिच्यावर काम सुरू झाले. बँकेत मूळ दस्तऐवज तिजोरीत ठेवून व्यवहार प्रतीवर चालवावा, तसाच हा क्रम.

तिसरी गोष्ट घाईत सहज विसरली गेली असती. १७ ते २२ ऑक्टोबर या पाच दिवसांत आलेली पत्रे नव्या, रिकाम्या प्रोफाइलमध्ये होती. जुने सापडल्याच्या आनंदात नवे प्रोफाइल पुसले असते, तर ही पत्रे गेली असती. कारण त्यांतील काही सर्व्हरवरून काढली गेली होती. म्हणून नव्या इनबॉक्सचीही प्रत घेण्यात आली.

मग थंडरबर्ड पूर्णपणे बंद करून, कार्यक्रमाच्या प्रोफाइल व्यवस्थापकातून जुन्या प्रोफाइलची प्रत त्यास जोडण्यात आली. येथे एक पथ्य पाळावे लागते. नव्याने बसवलेले थंडरबर्ड जुन्याच्या बरोबरीच्या किंवा त्याहून पुढच्या आवृत्तीचे असावे. पुढच्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल मागच्या आवृत्तीत उघडण्यास कार्यक्रम नकार देतो. पेढीवर ही अडचण आली नाही. कार्यक्रम उघडला आणि डावीकडे जुने सारे कप्पे दिसू लागले. आण्णांनी गावांच्या नावांनी केलेली मांडणीही तशीच होती.

मात्र इनबॉक्सवर टिचकी मारली तेव्हा तो रिकामा दिसला. दिवाणजींचा चेहरा उतरला. फाइल काही गिगाबाइटची आणि पडद्यावर एकही पत्र नाही, याचा अर्थ अनुक्रमणिका बिघडली आहे. कप्प्याच्या गुणधर्मांत जाऊन ‘दुरुस्त करा’ ही आज्ञा दिली, की थंडरबर्ड मूळ फाइल वाचून अनुक्रमणिका नव्याने तयार करते. मूळ पत्रे त्यात बदलत नाहीत. या कामास बराच वेळ लागला आणि मग २००९ पासूनची पत्रे ओळीने उमटू लागली. पाच दिवसांची नवी पत्रे स्थानिक कप्प्यात वेगळ्या नावाने ठेवून तीही जोडली गेली.

काम येथे थांबले नाही. दिवाणजींनी वही घेतली आणि प्रत्येक वर्षाची किती पत्रे आली, किती गेली, हे लिहून काढले. एखादे वर्ष अकस्मात रिकामे तर नाही ना, जोडलेली बिले उघडतात ना, पाठवलेल्या पत्रांचा कप्पाही पूर्ण आहे ना, हे पाहिले. बँकेच्या पासबुकाशी वहीचा ताळमेळ घालण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना या कष्टांचे मोल सांगावे लागत नाही. पत्रे दिसू लागली म्हणजे सर्व पत्रे आली, असे गृहीत धरता येत नाही.

सापडले ते

शोधाच्या खिडकीत कारखानदाराचे नाव टाकल्यावर जानेवारी २०२३ चे पत्र निघाले. आण्णा त्या वेळी अंथरुणास खिळलेले होते. पत्र चार ओळींचे होते. माल तपासणीत ओलावा अधिक निघाल्याचे मान्य करून त्यांनी १,८६,००० रुपयांची कटती कबूल केली होती. दिवाणजींना सांगून तशी नोंद करवतो, असेही लिहिले होते. ते सांगणे राहून गेले. त्याच पत्राला दुसऱ्या दिवशी आलेल्या उत्तरात कारखानदाराने उरलेली रक्कम देणे मान्य केले होते.

कारखानदारास दीड लाख आठवत होते. पत्रात त्याहून ३६,००० रुपये अधिक होते. थोरल्या चिरंजीवांनी दोन्ही पत्रांच्या प्रती त्यास पाठवल्या आणि येणे बाकी ४,१२,००० ऐवजी २,२६,००० असल्याचे कळवले. आठवड्याच्या आत रक्कम खात्यात जमा झाली. नोटीस निघाली नाही. ‘आण्णांच्या पेढीकडून हेच अपेक्षित होते,’ असे कारखानदाराने दूरध्वनीवर सांगितले आणि नव्या हंगामाच्या हळदीचा भाव विचारला.

हिशेबाची बाजूही नीट पाहिली गेली. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे करात फेरफार करणारी जमा चिठ्ठी काढण्याची मुदत ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच, किंवा वार्षिक विवरणपत्र आधी भरल्यास त्या तारखेपर्यंत असते. २०२२-२३ च्या विक्रीसाठी ती २०२३ मध्येच संपली होती. म्हणून कराचा भाग तसाच ठेवून केवळ रकमेपुरती व्यापारी जमा चिठ्ठी काढण्यात आली. ही नोंद वेळीच झाली असती तर कराचाही फेरफार करता आला असता. आण्णांचे पत्र दोन वर्षे नऊ महिने कोणी उघडले नाही, याची ही किंमत होती.

पत्रव्यवहार हाही दप्तराचाच भाग

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून तीस वर्षांत सौदे, भाव, कटती, मुदतवाढ या साऱ्यांची बोलणी टपालाच्या कागदावरून ई-मेलवर आली. पण पेढ्यांच्या मनात दप्तर म्हणजे अद्याप वह्या, बिले आणि टॅली. ‘काय जपून ठेवायचे’ या प्रश्नाला दिवाणजींनी दिलेले उत्तर बहुतेक पेढ्यांवर हेच मिळेल.

कायद्याची दृष्टी वेगळी आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास लेखी कागदाची मान्यता दिली. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ई-मेलच्या देवाणघेवाणीतून झालेला करार बंधनकारक मानला. मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या तारखेपासून नवी मुदत मोजली जाते. ई-मेलवरील कबुली या कलमात कशी बसवावी, याबाबत वकिलांचा सल्ला घ्यावा. पण मूळ पत्रच नसेल तर सल्ला घेण्यासारखे काही उरत नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राची आवश्यकता ठामपणे सांगितली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही अशा प्रमाणपत्राची तरतूद आहे. म्हणून पत्राचा केवळ छापील कागद ठेवणे पुरेसे नाही. मूळ पत्र, त्याच्या मार्गाच्या नोंदींसह, संगणकीय रूपात राखले पाहिजे.

किती वर्षे राखावे, यासही आधार आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे लेखे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १२८ कंपन्यांना आठ आर्थिक वर्षांची मर्यादा घालते. व्यवहाराशी निगडित पत्रे त्यांच्या बरोबरीने ठेवणे हाच सुज्ञपणा होय.

आपल्या पेढीवर थंडरबर्डऐवजी आउटलुक असेल तर पत्रे ‘पीएसटी’ शेपटाच्या फाइलीत असतात. ‘ओएसटी’ शेपटाची फाइल ही सामान्यतः सर्व्हरवरील पत्रांची प्रत असते. ती दुसऱ्या संगणकावर नेऊन सरळ उघडता येत नाही, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. विंडोज एक्सपीच्या काळातील आउटलुक एक्स्प्रेसची पत्रे ‘डीबीएक्स’ फाइलींत असत. माळ्यावर पडलेल्या जुन्या संगणकात ती अद्याप असण्याचा संभव आहे. तो संगणक भंगारात देण्यापूर्वी एकदा पाहावा. कोणताही कार्यक्रम असो, संगणक नव्याने बसवणाऱ्यास ‘पत्रांचे प्रोफाइल किंवा पीएसटी आधी उतरवून घ्या’ असे लेखी सांगावे. डिस्क संपूर्ण पुसली गेलीच, तर संगणक तत्काळ बंद करून जाणकाराकडे न्यावा. नव्या पद्धतीच्या एसएसडी डिस्कवर पुसलेले परत मिळण्याची आशा फार थोडी असते, हेही लक्षात ठेवावे.

एक सावधगिरी आणखी. थंडरबर्डच्या प्रोफाइलमध्ये पत्रांबरोबर जतन केलेले पासवर्डही असतात. त्याची प्रत ही तिजोरीच्या किल्लीइतकीच जपण्याची वस्तू आहे. ती कोणाच्याही पेनड्राइव्हवर फिरू नये.

श्रुतपंचमी आणि ज्ञानपंचमी

ग्रंथ टिकतो तो प्रती काढल्याने, हे जैन समाजास नव्याने सांगण्याची गरज नाही. षट्खंडागमावरील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्री येथील ताडपत्रांत सुरक्षित होती, पण वाचकांना दुर्लभ होती. पुढे तिच्या हस्तलिखित प्रती झाल्या, आणि प्राध्यापक हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून तिचा पहिला खंड प्रकाशित झाला. हे कार्य १६ खंडांत पूर्ण होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. एका ठिकाणी एकच प्रत असणे हा धोका आहे, हे आपल्या भांडारांनी ओळखले होते. म्हणूनच ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी आणि कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी या दिवशी शास्त्रे बाहेर काढावीत, धूळ झाडावी, वेष्टने बदलावीत, अशी रीत पडली. पूजेबरोबर पाहणीही होत असे.

सांगलीच्या पेढीने हीच रीत उचलली आहे. २६ ऑक्टोबरला ज्ञानपंचमी होती. त्याच दिवशी पत्रव्यवहाराच्या दोन प्रती तयार झाल्या. एक प्रत पेढीच्या तिजोरीत आहे. दुसरी पुण्यास बहिणीच्या घरी गेली, कारण २०१९ च्या पुरात सांगलीच्या पेठांत पाणी शिरले होते आणि तळमजल्यावरच्या वह्यांचे काय झाले, हे दिवाणजींनी डोळ्यांनी पाहिले आहे. यापुढे श्रुतपंचमीला आणि ज्ञानपंचमीला दोन्ही प्रती नव्या करायच्या, आणि त्या दिवशी कोणतेही एक जुने पत्र प्रतीवरून उघडून पाहायचे, असे ठरले. न उघडून पाहिलेली प्रत ही भरवशाची प्रत नव्हे, असा सूनबाईंचा आग्रह आहे.

प्रोफाइल कोणत्या फोल्डरात आहे, तो मार्ग दिवाणजींनी लाल वहीच्या शेवटच्या पानावर मराठीत लिहून ठेवला आहे. त्याखाली खाते कोणत्या पद्धतीचे आहे आणि प्रती कोणाकडे आहेत, याचीही नोंद आहे. हे पान घरातील तिघांनी वाचून त्यावर सह्या केल्या आहेत. आण्णांच्या पत्रव्यवहाराचे वाचनही सुरू झाले आहे. रोज दुपारी एक तास दिवाणजी २०२२ पासूनची पत्रे क्रमाने उघडतात आणि वहीत न आलेली आणखी एखादी कबुली राहिली आहे का, ते पाहतात.